नवं नाटक, आपलं गाव आणि पोटापाण्याचा हिशेब

एकांकिका स्पर्धांचा मोसम संपला की महाराष्ट्रातल्या कुठल्याही मध्यम शहरात एक प्रश्न हमखास कानावर येतो : "सर, आता मुंबईला जाऊ का?" विचारणाऱ्याच्या हातात लेखनाचं किंवा दिग्दर्शनाचं एखादं पारितोषिक असतं. घरच्यांनी पदवीनंतर वर्षभराची मुदत दिलेली असते आणि आधीच्या बॅचमधलं कुणीतरी मालिकेत लागलेलं असतं. नट व्हायला निघालेल्यांना सल्ला देणारे पुष्कळ आहेत, त्यांना मी इथं सोडून देतो. हा लेख ज्यांना नवं नाटक लिहायचंय, बसवायचंय किंवा लिहिणाऱ्याच्या पाठीशी उभं राहायचंय त्यांच्यासाठी आहे. आणि तेही नाशिक, जालना, कोल्हापूर, कुडाळ, वडसा नाहीतर फोंड्यात राहून.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मराठीत नव्या संहिता ढिगानं लिहिल्या जातात. दुसरा खर्डा मात्र फार थोड्यांचा होतो. स्पर्धेतला प्रयोग आणि नाटक म्हणून उभा राहिलेला प्रयोग यांच्यामध्ये वर्ष-दीड वर्षाचं एक काम असतं. वाचायचं, बदलायचं, पुन्हा वाचायचं, चार प्रेक्षकांपुढे करून बघायचं. हे काम आपल्याकडे कुणाच्याच नावावर नाही. इंग्रजी रंगभूमीत त्यासाठी ड्रामाटर्ग नावाचा माणूस असतो, आपल्याकडे ते कधी दिग्दर्शक करतो, कधी एखादा जुना नट, कधी लेखकाची बायको. ज्याला या मधल्या पट्ट्यात टिकून काम करता येईल त्याला आपल्या गावात जागा आहे. पैसा किती आहे ते पुढे बघू.

मुंबई-पुण्याबाहेर राहून नाटककार होता येतं का, ही शंका खरं तर निराधार आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं ते सांगलीत. महेश एलकुंचवार नागपुरात इंग्रजी शिकवत होते. त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथा’ मासिकात छापून आली, ती दिग्दर्शिका विजया मेहतांच्या वाचनात आली आणि पुढचं सगळं घडलं. आज ‘सत्यकथा’ नाही आणि डाकेनं आलेली एकांकिका वाचून लेखकाला शोधत निघणारे दिग्दर्शकही विरळा. त्यामुळे गावातल्या लेखकाला आपला पहिला वाचक आपणच तयार करावा लागतो.

जालना जिल्ह्यात काय झालं ते पाहण्यासारखं आहे. मकरंद साठे यांनी लिहिलेलं, माहितीच्या अधिकाराच्या चळवळीवरचं ‘दलपतसिंग येती गावा’ हे नाटक अतुल पेठे यांनी तिथल्या गावांतल्या माणसांना घेऊन बसवलं. त्यातलीच काही माणसं पुढे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’मध्ये दिसली. ते नाटक लिहिलं जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांनी, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं. 2012 मध्ये ते मुंबईच्या नाट्यगृहांत आलं तेव्हा लोक चकित झाले. मराठवाड्याची बोली विनोदासाठी वापरलेली नव्हती, तीच नाटकाची भाषा होती. हे एका रात्रीत झालं नाही. तांगडे त्याआधी ‘आकडा’सारख्या नाटकांतून आपल्या माणसांत, आपल्या भाषेत लिहीत आणि करत होते. गट आधी तयार झाला, नाटक मागून मोठं झालं.

नाशिकमध्ये दत्ता पाटील आणि सचिन शिंदे या लेखक-दिग्दर्शक जोडीनं ‘हंडाभर चांदण्या’ केलं, तेही असंच गावात राहून. प्राजक्त देशमुख यांचं ‘देवबाभळी’ आधी एकांकिका होती. 2017 च्या अखेरीस ‘भद्रकाली’ या निर्मितीसंस्थेनं ते दोन अंकी संगीत नाटक म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर आणलं. होतकरू लेखकांनी त्यातली एक गोष्ट मुद्दाम बघावी. दोन अंकांतही तुकारामांची बायको आवली आणि लखुबाई झालेली रखुमाई या दोघीच रंगमंचावर आहेत. एकांकिकेचं नाटक करायचं म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा शेजारी येतो, मग पोलीस येतो, मग भूतकाळ येतो. इथं पात्रांची भर न घालता त्या दोघींमधलंच अंतर ताणत नेलं आहे, आणि तोल सांभाळायला संगीत आहे.

संस्थेनं ठरवून हे काम केल्याचं उदाहरणही आपल्याकडे आहे. पुण्याच्या ‘थिएटर अकादमी’नं सतीश आळेकर यांच्या कल्पनेतून, फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं, 1985 ते 1994 या काळात नाटककारांसाठी आणि प्रादेशिक नाट्यगटांसाठी योजना चालवली. नव्या नाटककारांना एकत्र बसवायचं, त्यांच्या संहितांवर बोलायचं आणि पुण्या-मुंबईबाहेरच्या गटांना उभं राहायला हात द्यायचा. परदेशी पैसा संपला की अशा योजना संपतात, ही तक्रार खरी आहे. पण त्यातली मूळ कल्पना राबवायला फार पैसा लागत नाही. एक खोली, दहा माणसं आणि संहितेच्या दहा झेरॉक्स एवढंच लागतं.

स्पर्धा वापरा, स्पर्धेत अडकू नका

स्पर्धांना नावं ठेवण्याची फॅशन आहे. मला ती पटत नाही. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा 1963 पासून चालू आहे आणि भरत नाट्य मंदिरातला तो आरडाओरडा ऐकल्याशिवाय मराठी नाट्यशिक्षण पुरं होत नाही. मुंबईत आयएनटीची स्पर्धा आहे, चतुरंगची सवाई एकांकिका स्पर्धा आहे, ‘लोकसत्ता’ची लोकांकिका जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली आहे. यातून मुदतीत लिहायची सवय लागते, दहा मिनिटांत सेट लावायचा सराव होतो, परीक्षकांच्या शेऱ्यांनी कातडी थोडी जाड होते. शिवाय पुढची वीस वर्षं ज्यांच्याबरोबर काम करायचं ती माणसं बहुतेकदा इथंच भेटतात.

पण स्पर्धेची एकांकिका तासाच्या आत बसवावी लागते आणि त्या तासाला स्वतःच्या खोडी असतात. पहिल्या पाच मिनिटांत धक्का, पस्तिसाव्या मिनिटाला रहस्य, शेवटी सगळे एका ओळीत उभे आणि लाल दिवा. परीक्षक बदलले तरी हा साचा जात नाही, कारण मागच्या वर्षीचा विजेता बघून पुढच्या वर्षीचा लेखक लिहितो. म्हणून सल्ला असा की दोन-तीन वर्षं स्पर्धेसाठी लिहा आणि नंतर एक वर्ष मुद्दाम एकही एकांकिका लिहू नका. त्या वर्षात आपल्याच जुन्या एकांकिकांतली सर्वांत कमी बक्षिसं मिळालेली काढा. ज्या प्रवेशावर परीक्षक नाराज झाले होते तो पुष्कळदा दोन अंकी नाटकाचा दरवाजा असतो, कारण तो तासाच्या साच्यात मावलेला नसतो.

राज्य नाट्य स्पर्धेचं दुखणं वेगळं आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालय घेतं ती हौशी स्पर्धा हे महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांतलं पूर्ण लांबीच्या नाटकाचं सर्वांत मोठं व्यासपीठ आहे. तिथं दोन महिने तालमी करून नाटक केंद्रावर एकदा होतं, निकाल लागतो आणि नेपथ्य कुणाच्या तरी गच्चीवर जातं. नवी संहिता एका प्रयोगात मरते. प्राथमिक फेरीच्या तारखा जाहीर होताच आपल्या तालुक्यात आणखी चार प्रयोगांची जुळवाजुळव करा : एखादं महाविद्यालय, एखादी बँकेची सांस्कृतिक समिती, शेजारच्या गावची व्याख्यानमाला. दोन स्पर्धेच्या आधी, दोन नंतर. चौथ्या प्रयोगाला नाटकात जे उरतं तेवढं खरं.

वाचन : काम इथं होतं

नव्या नाटकाच्या कामातला कणा कुठला म्हणाल तर तालमीच्या आधीचं वाचन. अमेरिकेत कनेक्टिकटमधलं यूजीन ओनील थिएटर सेंटर 1965 पासून हेच करतं. लेखकाला बोलावतात, नट हातात संहिता घेऊन वाचतात, सेट-कपड्यांचा बडेजाव नसतो आणि लेखक रात्री बसून पानं बदलतो. ऑगस्ट विल्सनचं ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ 1982 मध्ये अशाच प्रक्रियेतून गेलं. तिथं त्यासाठी इमारत आहे, कर्मचारी आहेत. आपल्याकडे वाचनालयाचा हॉल आहे आणि रविवारची सकाळ आहे. चालतं.

आपल्या वाचनांची अडचण अशी की लेखक स्वतः वाचतो, तेही अभिनयासकट. मग ऐकणाऱ्याला संहिता ऐकू येत नाही, लेखकाची तळमळ ऐकू येते. लेखकानं वाचायचं नाही हा पहिला नियम. पात्रं वाटून द्या, रंगसूचना वाचायला वेगळा माणूस ठेवा, घड्याळ कुणाच्या तरी हातात द्या. लेखकानं मागच्या रांगेत बसून आपल्या प्रतीवर खुणा करायच्या आणि तोंड उघडायचं नाही. ऐकायला नाटकवाले पाचच असू द्यात; बाकी त्या विषयातली माणसं हवीत. नाटक एसटीच्या संपावर असेल तर एक वाहक, दवाखान्यावर असेल तर एक परिचारिका.

एक उदाहरण घेऊ. समजा दुसऱ्या अंकात बाप बाजार समितीत कांदा विकून घरी येतो. लेखकानं त्याला दीड पानाचं भाषण दिलं आहे. पडलेले भाव, हमाली, तोलाई, अडत, सोसायटीचं कर्ज, सरकार. आई चुलीपाशी आहे. संहितेत दीड पानभर तिच्या नावापुढे काही नाही. आईचं काम वाचणारी बाई मध्येच थांबते आणि विचारते, "मी इथं काय करतेय?" लेखक नियम मोडून म्हणतो, "ऐकतेयस." ती म्हणते, "दीड पान?" सगळे हसतात. मग ऐकायला आलेला एक शेतकरी हळूच सांगतो की कांद्यावरची अडत 2016 पासून शेतकऱ्याकडून कापत नाहीत, ती आता खरेदीदाराकडून घेतात. आणि असा माल विकून आलेला माणूस घरात शिरल्या शिरल्या बोलत नसतो, आधी पाय धुतो.

दुसऱ्या खर्ड्यात बाप पाय धुतो. सदरा खुंटीला लावतो. आई त्या खिशातून हिशेबाची पट्टी काढते, दिव्याखाली धरते आणि विचारते, "गाडीभाडं तरी निघालं का?" तो म्हणतो, "चहा ठेव." दीड पानाच्या चार ओळी झाल्या, आईला नाटकात काम मिळालं आणि प्रेक्षकाला आकडा न सांगता कळला. ही सुधारणा लेखकाला एकट्यानं टेबलापाशी सुचली असती का? कदाचित दहा वर्षांनी.

वाचनानंतरची चर्चा हा धोक्याचा भाग. आपल्याकडे प्रत्येकाला नाटकाचा शेवट बदलून द्यायचा असतो. चर्चा चालवणाऱ्यानं ती तीन प्रश्नांतच ठेवावी : कुठं कळलं नाही, कुठं कंटाळा आला, कुठल्या क्षणी पुढे काय होणार याची ओढ लागली. "असं केलं तर?" म्हणणाऱ्याला नम्रपणे चहा द्यावा. लेखकानंही प्रत्येक सूचना मान्य करू नये. तीन वेगवेगळ्या माणसांचं बोट एकाच पानावर पडलं तर ते पान आजारी आहे, एवढंच धरावं. औषध मात्र स्वतःचं स्वतः शोधावं.

हे चर्चा चालवणं ज्याला जमतं तो माणूस दुर्मीळ आहे, आणि नाटकात यायचंय पण लिहिता येत नाही असं वाटणाऱ्यांनी हे काम शिकावं. आठवड्याला एक नाटक वाचा आणि त्यावर एक पान लिहा. चांगलं-वाईट त्यात लिहायचं नाही. कोणाला काय हवं आहे, ते कुठल्या पानावर कळतं, माहिती कशी पोचवली आहे, प्रवेश कुठं संपायला हवा होता, एवढंच. वर्षभरात तुमच्या पट्ट्यातले लेखक आपणहून संहिता पाठवू लागतात. दोन वर्षांनी त्याचं मानधन मागा. सुरुवातीला लोक बिचकतील. प्रकाशयोजनेचे पैसे मागणाऱ्या पहिल्या माणसालाही बिचकले असणारच.

बोलीबद्दल एक सांगून पुढे जातो. जिल्ह्यातला लेखक दोन टोकांना जातो. एकतर पुण्याच्या परीक्षकांना कळावं म्हणून भाषा धुऊन काढतो, नाहीतर हशा मिळावा म्हणून तिला मुद्दाम गावठी करतो. दोन्ही कान बंद असल्याची लक्षणं आहेत. आपल्या गावात तलाठी, शिक्षिका, आजी आणि बारावी झालेली नात एकाच घरात चार तऱ्हेचं मराठी बोलतात. ते चारही कागदावर वेगळे ऐकू आले की बोलीची काळजी करायची गरज उरत नाही.

झाडीपट्टीकडून शिकण्यासारखं

नवं नाटक आणि पोट यांची गाठ कुठं बसलेली बघायची असेल तर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे जा. धानाची कापणी झाली, भाऊबीज आली की झाडीपट्टी या तिथल्या रंगभूमीचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. देसाईगंज म्हणजे वडसा हे त्याचं केंद्र. तिथं नाट्यमंडळांची कार्यालयं, बाहेर रंगीत फलक आणि नाटक ठरवायला आलेली गावकमिटीची माणसं. रात्री दहानंतर मांडवात सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. मंडळं दर हंगामात नवी नाटकं घेऊन उतरतात. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या बऱ्याच जणांनी झाडीपट्टी हा शब्द प्रथम ऐकला.

शहरी नाटकवाले तिथल्या नाटकांच्या नावांना हसतात. हसण्याआधी एक रात्र मांडवात बसावं. तालमी थोड्या, प्रॉम्प्टर हाताशी, मध्ये गाणी आणि लावणी, आणि समोर दिवसभर शेतात राबून आलेला, तिकीट काढून बसलेला प्रेक्षक. तो कंटाळला तर उठून जातो आणि सकाळी ते सगळ्या गावाला कळतं. तिथला लेखक प्रेक्षकासाठी लिहितो, परीक्षकासाठी नाही. पुढच्या वर्षीचं नाटक ठरवताना कुठल्या गावात कुठला प्रवेश पडला हे त्याच्या डोक्यात असतं. त्यातलं सगळं घ्यावं असं मी म्हणणार नाही. भडकपणा आहे, घाई आहे, बाईचं दुःख रडवण्यापुरतंच वापरण्याची खोड आहे. पण दरवर्षी नवी संहिता लागणारी, तिचे पैसे देणारी अशी रंगभूमी महाराष्ट्रात दुसरी शोधून दाखवा. विदर्भातल्या तरुण लेखकानं पुण्याची तिकिटं काढण्याआधी वडशाला एक हंगाम काढावा असं माझं स्पष्ट मत आहे.

गोव्यात परिस्थिती तिसरीच. गावागावांत जत्रेला, उत्सवाला नाटक होतं, कला अकादमीच्या स्पर्धा आहेत, रवींद्र भवनं आहेत, पणजीला नाट्यविद्यालय आहे. एवढ्याशा प्रदेशात मराठी आणि कोंकणी मिळून जेवढे प्रयोग होतात त्या मानानं नव्या मराठी संहिता कमी पडतात. जुनीच नाटकं फिरून फिरून होतात. गोव्यातल्या लेखकानं ती मोकळी जागा पाहावी. शेजारच्या दक्षिण कोकणातल्यांनी कणकवलीच्या वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठानकडे लक्ष ठेवावं.

शिक्षण थोडं, पैसा आणखी थोडा

पदवी हवीच असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. लेखनापेक्षा अभिनय आणि दिग्दर्शन यांवर भर असेल हे धरून चला. खरा फायदा सोबत शिकणाऱ्यांचा. न जाणाऱ्यांनी मकरंद साठे यांचं ‘मराठी रंगभूमीच्या तीस रात्री’, विजया मेहतांचं ‘झिम्मा’ आणि कमलाकर सारंग यांचं ‘बाइंडरचे दिवस’ ही तीन पुस्तकं तरी वाचावीत. तिसरं तर निर्मितीच्या व्यवहाराचं पाठ्यपुस्तकच आहे.

आता पैसा. प्रायोगिक नाटकाच्या तिकिटांतून हॉलचं भाडं, टेम्पो आणि वडापाव निघाला तरी प्रयोग चांगला झाला म्हणतात. व्यावसायिक नाटकात नटांना नाईट मिळते, लेखकाला प्रयोगामागे मानधन मिळतं, पण तिथवर पोचणाऱ्या नव्या संहिता वर्षाला बोटांवर मोजण्याइतक्या. तेव्हा घरखर्च दुसऱ्या कामातून आणि नाटकाचा खर्च नाटकातून, हे पहिल्या दिवशी ठरवून टाका. यात कमीपणा नाही. सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट होते, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, श्रीराम लागू नाक-कान-घशाचे सर्जन. मधल्या पिढीची हौशी रंगभूमी तर बँका आणि एलआयसीच्या दहा ते पाचवर उभी होती.

आज तशा नोकऱ्या कमी झाल्या, म्हणून नाटकाजवळची कामं शोधावी लागतात. शाळांची स्नेहसंमेलनं आणि उन्हाळी बालनाट्य शिबिरं यांतून जिल्ह्याच्या गावी बऱ्यापैकी उत्पन्न होतं, आणि मुलांसाठी लिहिण्याचा सराव होतो तो वेगळाच. प्रकाश आणि ध्वनी शिकलेल्या माणसाला गणेशोत्सवापासून लग्नापर्यंत बाराही महिने काम आहे. स्वतःचे चार दिवे आणि एक डिमर घेतलेला मुलगा गटातला सर्वांत स्थिर कमाईचा सदस्य होतो आणि तालमीलाही वेळेवर येतो. आकाशवाणीची श्रुतिका, श्राव्य पुस्तकांची रूपांतरं, भाषांतरं ही लेखकाच्या हाताला वळण लावणारी कामं आहेत. दैनंदिन मालिकेचे संवाद पैसा देतात, पण रोज पानंच्या पानं लिहून झाल्यावर रात्री नाटक लिहिता येतं असा समज करून घेऊ नका. तिथं जायचंच असेल तर किती महिने, किती रक्कम जमेपर्यंत, हे आधी कागदावर लिहून घरच्या माणसाकडे द्या.

शिष्यवृत्त्यांकडे आपली मुलं फारशी बघतच नाहीत. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, दरमहा 5,000 रुपये, दोन वर्षं. 25 ते 40 वयासाठी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे, दरमहा 10,000. याच मंत्रालयाकडून नाट्यमंडळांना गुरु-शिष्य परंपरेखाली रेपर्टरी अनुदान मिळतं. त्यासाठी संस्था नोंदणीकृत हवी आणि हिशेब तपासलेले हवेत. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स प्रकल्पांना अनुदान देतं. अटी आणि रकमा अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या आधी मूळ जाहिरात वाचा. अर्जात ‘समाजप्रबोधन’ वगैरे लिहू नका. कुठलं नाटक, कोणाबरोबर, किती वाचनं, किती प्रयोग, कुठल्या गावांत, किती खर्च, एवढं दोन पानांत सांगितलं की अर्ज वरच्या गठ्ठ्यात जातो. आणि गटाची नोंदणी आजच करा. बक्षिसाची रक्कम दिग्दर्शकाच्या खात्यात आली म्हणून फुटलेले गट प्रत्येक गावात आहेत.

जागेसाठी मोठ्या नाट्यगृहाच्या मागे लागू नका. दादरच्या छबिलदास शाळेतल्या हॉलमध्ये ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं 1974 पासून जे केलं त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण तो साधा शाळेचा हॉल होता हे आपण विसरतो. पुण्यात सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेनं कितीतरी नव्या नाटकांना पहिला प्रेक्षक दिला. आपल्या गावात ऐंशी खुर्च्यांची, पंखे बंद करता येतील अशी आणि महिन्याचा एक ठरलेला शनिवार देणारी जागा मिळवा. दिवस ठरलेला असणं फार महत्त्वाचं; आठशे खुर्च्यांच्या रिकाम्या सभागृहापेक्षा दर महिन्याला येणारे साठ लोक नाटकाला जास्त शिकवतात.

कागदपत्रं

शेवटी कंटाळवाणी पण टाळता न येणारी बाब. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता मंजूर करून घ्यावी लागते; स्पर्धांचे आयोजकही तो दाखला आणि लेखकाचं परवानगीपत्र मागतात. तालमी सुरू होतानाच संहिता पाठवा, प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात धावाधाव नको. मंजूर प्रत आणि प्रत्यक्ष प्रयोग यांत मोठा फरक पडला तर नव्यानं पाठवायची तयारी ठेवा. नव्या नाटकात असा फरक पडतोच. काटछाट सुचवली तर घाबरू नका आणि भांडूही नका. लेखी उत्तर द्या, पत्राची पोच घ्या. ‘सखाराम बाइंडर’ अडवलं गेलं तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात लढले; अशा लढाईत कागदच कामी येतात.

संहितेचा हक्क लिहिताक्षणी लेखकाचा होतो. कायद्यानं तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. मित्राच्या गटाला नाटक देताना "आपल्यात कशाला कागद" असं दोघंही म्हणतात आणि तीन वर्षांनी बोलेनासे होतात. एका पानाचं पत्र पुरे. नाटक किती काळासाठी दिलं, त्या काळात दुसऱ्या गटाला देता येईल का, प्रयोगामागे किती, पहिले काही प्रयोग विनामानधन असतील तर नेमके किती, संवाद बदलायचे तर कुणाला विचारायचं, जाहिरातीत लेखकाचं नाव कुठं. चित्रपट, वेबमालिका, श्राव्य रूप आणि अन्य भाषांतले हक्क या पत्रात देऊ नका, ते वेगळे ठेवा. वाचनात आणि तालमीत कुणी खरोखर भर घातली असेल, एखादा प्रवेश सुचवला असेल, तर श्रेयनामावलीत त्याचा उल्लेख काय होणार तेही प्रयोग सुरू व्हायच्या आधीच लिहा. दोघांच्या सह्या, दोन प्रती. आणि संहितेच्या प्रत्येक खर्ड्याच्या पहिल्या पानावर तारीख घाला. मोबाइलमध्ये ‘फायनल’, ‘फायनल 2’ आणि ‘एकदम फायनल’ अशा नावांनी ठेवलेल्या फायलींमधून मंजूर झालेली प्रत कुठली हे लेखकालाही सांगता येत नाही.